आईची भाजीबाजारातली हिंदी

माझ्या आईची हिंदी भाजीबाजारापुरती आहे, पण त्या हद्दीत ती राणी आहे. दिल्लीत, मुनिरक्याच्या गल्लीत हातगाडीपाशी उभी राहिली की कुणालाही वाटेल, ही बाई इथंच जन्मली. "भैया, ये भिंडी है कि लकड़ी? घर में आरी नहीं है मेरे पास," असं म्हणून ती निघाल्यासारखं करते आणि भैया हसत हसत खालची कोवळी भेंडी वर काढतो. पण हीच हिंदी बँकेत, दवाखान्यात, नाहीतर कुणाच्या मयताला न्या, लगेच लंगडते. तिथं आई फक्त "हाँ जी", "ठीक है जी" आणि "बस जी" एवढंच बोलते. तीन शब्दांत माणूस किती दुनिया निभावून नेतो हे पाहायचं असेल तर माझ्या आईला पाहावं.

दोष हिंदीचा नाही. कुणी अंगावर येण्याआधीच मी हे सांगून टाकते. हिंदीत शब्दांना काय तोटा? आमच्या घरात त्यातले पिशवीत मावतील एवढेच आले, भाजीबरोबर.

याला कारण बाबांचा नियम. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत लागून बुलडाण्याकडून दिल्लीला आले, मागाहून आई आली. बाबांनी सांगून ठेवलं होतं, दाराच्या आत मराठी, दाराबाहेर हिंदी. चारचौघांत त्यांना न कळणारी भाषा बोलणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार आपटणं, असं त्यांचं म्हणणं. माणूस सभ्य होता, नियमही सभ्य होता. आईनं तो असा पाळला की खुद्द बाबांनी तेवढा पाळला नसेल. जिन्यात माझी खरडपट्टी काढत असायची आणि वरून शेजारीण उतरताना दिसली की वाक्याच्या मध्येच सांधा बदलायची. "किती वेळा सांगितलं, ओल्या केसांनी बाहेर... अच्छा बेटा, ठीक से जाना." शेजारणीला वाटायचं, काय गोड बाई आहे. मी अर्धी बोलणी खाऊन कॉलेजला जायची आणि उरलेली संध्याकाळी दाराच्या आत पदरात पडायची.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. नियम मात्र आईनं सोडला नाही. या घरात आता आम्ही दोघीच असतो. मी लग्न केलं नाही, त्याचं कुणाला वाईट वाटत असेल तर वाटो. मी सरकारी कचेरीत अनुवादक आहे. दिवसभर 'उपरोक्त' आणि 'तदनुसार' यांच्या संगतीत बसून जीव विटतो, त्यामुळे घरी आल्यावर मला जिवंत शब्द लागतात. रस्त्यावरचे, चहाच्या टपरीवरचे, मुलामुलींच्या तोंडातले. हा शब्द आला कुठून, हा वाक्प्रचार पहिल्यांदा कुणी आणि का वापरला असेल, हे खोदत बसणं हा माझा जुना नाद आहे. कचेरीतले लोक म्हणतात, हिच्यासमोर तोंड उघडायची चोरी.

या नादापायी आमच्या घरात रोज संध्याकाळी वाद होतो. आई मेथी निवडत बसते, मी तिच्यासमोर खुर्ची ओढते आणि एखादा शब्द मध्ये टाकते. एकदा मी 'धाबे दणाणणे' काढलं. दिल्लीत वाढलेलं पोर मी. लहानपणी हे ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे मुरथळच्या रस्त्यावरचा पराठ्यांचा ढाबा यायचा, वरून ट्रक गेल्यासारखा हादरणारा. मला वाटायचं, ढाबेवाला घाबरला असेल. आई हसून हसून मेथीवर कोसळली होती. तिच्या माहेरी धाब्याची घरं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर. उन्हाळ्यात सगळं घर त्या धाब्यावर झोपायचं. "वर कुणी धावलं ना, की खाली डोक्यावर माती पडायची गं," ती म्हणाली, "आणि रात्री-अपरात्री कुणी अनोळखी माणूस धावला तर खालच्याचं काय होत असेल, तूच सांग." त्या दिवशी मी हरले. असं क्वचित होतं.

बाकी वेळा मी हरत नाही. 'गाशा गुंडाळला' म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड गुंडाळलं, निघायची तयारी झाली. 'राडा' म्हणजे मूळचा चिखल, मारामारी नंतर आली. 'पाचावर धारण बसली' यातली धारण म्हणजे धान्याचा भाव, असं जुने लोक सांगतात. भाव चढला की गोरगरिबाची पाचावर धारण बसणारच. माझा सगळ्यात लाडका शब्द 'पोबारा'. सोंगट्यांच्या पटावर फाशांचं एक दान असतं, पो बारा. तेच दान मराठीत आलं आणि त्याचा अर्थ झाला पळ काढणं. हिंदीत गेलं तर 'पौ बारह' म्हणजे चांदी झाली, नशीब फळफळलं. एकाच पटावरून उठून एक जण पळाला आणि एक जण मालामाल झाला. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला हे दोन्ही एका दिवसात ऐकू येतं, म्हणून मला हे शहर आवडतं.

आईला माझी ही घोडी, खोगिरं आणि फासे मुळीच पटत नाहीत. तिचं म्हणणं असं की हे सगळे पुरुषांनी रचलेले किस्से. "लढाईवर जाणारे किती आणि घरात दुखणारे किती?" ती विचारते. तिच्या मते बोलण्यातले बहुतेक शब्द कुणाच्या तरी अंगात आधी उठले. कुणाच्या तरी पोटात खरोखर गोळा आला, कुणाच्या तोंडचं पाणी खरोखर पळालं, कुणाच्या पायांत खरोखर गोळे आले, आणि त्या बाईनं शेजारणीला ते नेमकं सांगितलं. शेजारणीला पटलं. मग ज्याला काही झालं नाही तोही तेच म्हणायला लागला. "तुमचा वाक्प्रचार म्हणजे कुणाची तरी तक्रार असते, एवढंच," असं म्हणून ती मेथीच्या काड्या बाजूला सारते. मी म्हणते, पुरावा दे. ती म्हणते, पुरावा तुझ्या कचेरीत माग.

आमच्या या वादात कधी कधी माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, येऊन पडते. दादा माझा थोरला भाऊ, गुरुग्रामला एका मोठ्या कंपनीत आहे. उंच बिल्डिंग, खाली पोहायचा तलाव, आत येताना फाटकावर नाव विचारतात. भाचीचं मराठी म्हणजे 'आजी, भूक लागली' आणि 'आजी, लव्ह यू'. पण तिच्या तोंडात दिल्लीचे खास शब्द असतात. गोंधळ झाला की 'भसड' होते, रिकामटेकडा माणूस 'वेला' असतो, आणि काळजी करायची नाही याला 'लोड मत ले'. आईला हे 'लोड' फार आवडलं. आता बुद्धविहारातल्या बायकांना ती सांगते, "लोड नको घेऊ गं बाई." 'वेला' हा पंजाबीतून आलाय हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, तुम कितनी वेली हो." मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

अशी आमची मजा चालली असताना आईला चक्कर यायला लागली.

पहिल्यांदा ती ओट्याजवळ बसली. मग एकदा बाजारातून येताना भिंत धरून उभी राहिली आणि कुणीतरी तिला घरी आणून सोडलं. मी दिवसभर कचेरीत, त्यामुळे मला ती एवढंच सांगायची, "काही नाही गं, जरा बसले." दादानं ते मनावर घेतलं. त्याचं आईवर फार प्रेम आहे, हे मी आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे. त्यानं तिला गुरुग्रामच्या एका चकचकीत दवाखान्यात नेलं. गाडी, चाकाची खुर्ची, पाण्याची बाटली, सगळं व्यवस्थित. डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, क्या तकलीफ़ है?" आई म्हणाली, "चक्कर है जी." आणि दादानं लगेच पुढचं इंग्रजीत सांगितलं, गिडीनेस आहे, अमुक महिन्यांपासून आहे, पडण्याची भीती आहे. आई शेजारी मान हलवत बसली.

डॉक्टरांची चूक नव्हती. त्यांना जे मिळालं त्यावर त्यांनी औषध दिलं. कान तपासले, मानेचा फोटो काढला, गळ्याला पट्टा दिला, गोळ्या दिल्या. दुसऱ्या वेळी पट्टा बदलला. तिसऱ्या वेळी गोळ्या बदलल्या. आई त्या पट्ट्यात मान ताठ करून हिंडायची आणि अंघोळीच्या वेळी तो दाराच्या खुंटीवर टांगायची. बसणं, भिंत धरणं सुरूच होतं.

मग दादानं निर्णय घेतला. आईला आता एकटं ठेवायचं नाही, मी दिवसभर बाहेर असते, तेव्हा पुढच्या महिन्यापासून ती गुरुग्रामला राहील, दिवसभराची बाई ठेवू. आणि रविवारचं विहारात जाणं बंद.

हे शेवटचं वाक्य तो अगदी सहज बोलला. त्याला कल्पना नव्हती तो काय काढून घेतोय. आई दर रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून, एकटी, मेट्रोनं वंदनेला जाते. बाबा होते तेव्हा दोघं जायचे, बाबा गेल्यावर ती एकटी जायला शिकली. डब्याचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो, कुठं गाडी बदलायची, कुठला सरकता जिना बंद असतो, सगळं तिचं तिनं पाठ केलंय. विहारात विदर्भ-मराठवाड्यातल्या बायका भेटतात, वंदना झाली की तासभर बसतात, आणि तेवढा वेळ आई पोटभर मराठी बोलते. घराबाहेर मराठी बोलायची तिची ती एकच जागा. आठवड्यातले बाकीचे सगळे दिवस ती त्या तासाची वाट बघते, हे मला ठाऊक आहे, कारण शनिवारी ती साडी इस्त्री करताना गुणगुणते. दादाचा निर्णय तिनं ऐकून घेतला. साडी घडी घालून कपाटात ठेवली आणि कपाट लावून घेतलं. तिचं ते कपाट लावणं मला सहन होईना.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत ते झालं. ती समोर बसून शेंगा सोलत होती. बोलता बोलता थांबली. चेहरा पिठासारखा पांढरा पडला, हातातली शेंग खाली पडली, नजर माझ्यावर होती पण मी तिला दिसत नव्हते. मी उठून तिला धरेपर्यंत तिचा श्वास जोरात आत गेला आणि गालांवर रंग आला. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "खूप गरगरलं का गं?"

तर ती माझ्यावरच वैतागली. "गरगरणं म्हणजे काय मला कळत नाही का? फुगडी घालून थांबलं की होतं ते गरगरणं. घर फिरतं, आपण फिरतो. हे तसलं नाही."

"मग डॉक्टरांना काय सांगितलंस?"

"चक्कर."

"का पण? तसलं नाही म्हणतेस ना?"

"त्यांना दुसरं काय सांगणार? हिंदीत सगळ्याला चक्करच म्हणतात."

मी तिथंच खाली बसले. मला इतका संताप आला की कुणावर काढावा कळेना. मराठीत माणसाचं डोकं गरगरतं, त्याला भोवळ येते, घेरी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, झोक जातो, तोल सुटतो, आणि यातलं एकही दुसऱ्यासारखं नसतं. हिंदीतही हे सगळं सांगता येतं, पण आमच्या आईच्या हिंदीत नाही, कारण भाजीवाल्याला भोवळ सांगायची वेळ येत नाही. तिच्या अंगात जे होत होतं ते दाराच्या आत मराठीत होतं. दाराबाहेर पाऊल पडलं की त्याची चक्कर व्हायची, आणि दादाच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत गिडीनेस. औषध त्या गिडीनेसला चाललं होतं. आईला कुणी तपासलंच नव्हतं.

मी दादाला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर आला होता, आवाज हळू होता. मी सांगितलं, उद्या मी तिला आमच्या इथल्या डॉक्टरांकडे नेतेय आणि ती मराठीत बोलेल. तो म्हणाला, "यार, डॉक्टरला मराठी येत नाही. तू काय तिथं तुझी शब्दांची शाळा भरवणार?"

"भरवेन," मी म्हणाले.

"तिचे रिपोर्ट्स क्लिअर आहेत. वय झालंय तिचं, बस. हे ॲक्सेप्ट कर ना."

"तिला काय होतंय ते तुला माहीत आहे?"

"चक्कर येते."

मी फोन ठेवला. आणखी बोलले असते तर भांडण झालं असतं आणि मला ते भांडण जिंकायचं नव्हतं, मला आईला बरं करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आईला घेऊन जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण बाई होत्या, बोलण्यावरून हरियाणाच्या वाटत होत्या. बाहेर गर्दी तुडुंब, आत टेबलावर कागदांचा ढीग. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हाँ अम्मा, बताइए."

"बस जी, चक्कर है," आई म्हणाली.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, मराठीत सांग. मी हिंदीत सांगते त्यांना."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चारचौघांत तिचा पदर ओढला. "बेटा, डॉक्टर साहब बैठी हैं," ती दातओठ आवळून म्हणाली. पाहुण्यांसमोर पोरानं आगाऊपणा केला की ती याच आवाजात बोलायची. पुढे मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "शोभतं का हे?"

माझा तोल सुटला. डॉक्टरांसमोर, दाराशी उभ्या असलेल्या पेशंटांसमोर मी मराठीत बोलले, आणि हळू नाही बोलले. "नाही शोभत. पण तू पडलीस आणि उठली नाहीस, तर ते शोभेल का? बाबांनी हा नियम लोकांचा मान राखायला केला होता. तुझा जीव जावा म्हणून नाही. तुला काय होतंय ते या बाईंना ऐकू दे, नाहीतर मी इथून हलत नाही."

आईचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता ती उठून जाईल. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा आईकडे नीट पाहिलं. मराठी त्यांना कळली नव्हती, पण काय चाललंय ते कळलं असावं. "अम्मा," त्या म्हणाल्या, "अपनी बोली में ही बताइए. मेरी दादी भी हिंदी में कहती थी सब ठीक है. असली बात तो हरियाणवी में निकलती थी."

आईनं पदरानं डोळे टिपले. मग माझ्याकडे न बघता, डॉक्टरांकडे बघत, मराठीत सुरू झाली.

"आधी छातीत फडफडतं. खिडकीत कबूतर अडकतं ना, तसं. दुखत नाही. मग ते थांबतं. थांबतं म्हणजे सगळंच थांबतं, आत एकदम सामसूम. मग डोळ्यांपुढे अंधारी येते, कडेकडेनं आत सरकते. घर फिरत नाही. मळमळत नाही. कानात काही वाजत नाही. मान वळवली म्हणून होत नाही, बसल्या जागीही होतं. हातपाय माझे असून माझे नसतात. आणि मग आत धाडकन एक ठोका पडतो, अन्‌ उजेड येतो. मग मी बरी. अगदी बरी. पुन्हा शेंगा सोलायला बसते."

मी एकेक वाक्य हिंदीत करत गेले. आयुष्यभर फायली या भाषेतून त्या भाषेत नेल्या, पण अशी घाबरून एकही नेली नव्हती. 'सामसूम' पाशी अडले. सन्नाटा म्हणावं तर तो बाहेरचा असतो. शेवटी म्हणाले, "अंदर जैसे सब कुछ रुक जाता है, कुछ सुनाई नहीं देता, अपना दिल भी नहीं." डॉक्टरांनी मला मध्येच थांबवलं.

"पहले फड़फड़ाहट? फिर रुकना? फिर अँधेरा? इसी तरतीब में? पूछिए इनसे."

मी विचारलं. आई म्हणाली, "दर वेळी असंच. एकदाही उलटसुलट नाही."

डॉक्टरांनी टेबलावरून हात पुढे करून आईचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. गळ्यातला पट्टा दुसऱ्या हातानं काढून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ये कान का मामला नहीं है. गर्दन का भी नहीं. दिल का है."

त्यानंतर सगळं भराभर झालं. साध्या ईसीजीच्या पट्टीवर काही दिसलं नाही, म्हणून दिवसरात्र छातीला लावून ठेवायचं यंत्र दिलं. ते यंत्र परत नेऊन दिलं तेव्हा दादाही आला होता. कागद समोर पसरून डॉक्टरांनी दाखवलं, रेघ चालली आहे, चालली आहे, आणि मध्येच नुसती सपाट. हृदय मधूनमधून ठोका द्यायलाच विसरत होतं. उशीर केला असता तर ते कधीतरी विसरून तसंच राहिलं असतं. दादानं तो सपाट तुकडा पाहिला आणि खुर्चीवर बसून राहिला. मला त्याची दया आली, आणि रागही अजून गेला नव्हता, दोन्ही एकदमच.

पेसमेकर बसवला. गळ्याच्या हाडाखाली, डाव्या बाजूला, छोट्या डबीएवढा उंचवटा. ऑपरेशनला जाताना आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "भीती वाटतेय गं." इतकं सरळ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी म्हणाले, "मलाही वाटतेय." दोघींना त्यानं बरं वाटलं.

घरी सोडायच्या दिवशी त्याच डॉक्टर आल्या. आई पलंगावर बसली होती, केस विंचरून, चेहऱ्यावर तेज. दादानं सगळ्या कागदांची फाईल काखेत धरली होती. डॉक्टरांनी औषधं समजावली, डावा हात फार वर उचलायचा नाही, तपासणीच्या फाटकातून जाताना पेसमेकरचं कार्ड दाखवायचं, फोन त्या बाजूच्या खिशात ठेवायचा नाही. मग दादाकडे बघून विचारलं, "और कुछ पूछना है?"

दादानं तोंड उघडलं. मला माहीत होतं तो काय विचारणार होता, बाई किती तास ठेवायची, लिफ्ट चालेल का.

"मला विचारा की," आई म्हणाली. मराठीत, मोठ्यानं, डॉक्टर, नर्स आणि पलीकडच्या पलंगावरच्या माणसांसमोर. "मी बसलेय ना इथं. मला विचारायचंय."

डॉक्टर हसल्या. "हाँ अम्मा, पूछिए."

"मला रविवारी मेट्रोनं विहारात जाता येईल का? एकटीला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आता हिंदीत काय ते सांगा म्हणून. मी तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. माझ्यासारख्या बाईचे शब्द संपले.

मग दादा पुढे झाला. त्यानं फाईल पलंगावर ठेवली. "ये पूछ रही हैं," तो सावकाश म्हणाला, "इतवार को मेट्रो से विहार जा सकती हैं क्या. अकेली."

"अकेली?" डॉक्टरांनी त्यालाच विचारलं.

दादानं आईकडे पाहिलं.

"हाँ जी," तो म्हणाला, "अकेली."